हिवाळ्याचा उत्सव मार्चमध्ये का? अलास्कातले कुत्रे, स्लेज आणि शर्यती

अलास्काच्या आतल्या भागात, नदीकाठच्या छोट्या गावांत वर्षातला सगळ्यात मोठा हिवाळी उत्सव मार्च-एप्रिलमध्ये होतो. त्याचं नाव ‘स्प्रिंग कार्निव्हल’. कॅलेंडरवर वसंत लागलेला असतो आणि बाहेर गुडघाभर बर्फ असतो. अँकरेजसारखं शहर असाच उत्सव थोडा आधी, फेब्रुवारीच्या शेवटी उरकतं. पण भर हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, असं काही ठेवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

कारण साधं आहे. हस्लिया हे कोयुकुक नदीवरचं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव घ्या. इथले बहुतेक लोक कोयुकॉन अथाबास्कन, म्हणजे या भागातले मूळ रहिवासी. बाहेरून गावाला येणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात गोठलेली नदी आणि बारा महिने छोटं विमान, एवढीच सोय. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य तीनेक तास दिसतो, तोही क्षितिजाला घासत. जानेवारीत पारा उणे ४० पर्यंत जातो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र दिवस-रात्र सारखे होतात आणि त्या दिवसांत रोज सहा-सात मिनिटांनी दिवस वाढतो. थंडी उरते, पण बोचरी राहत नाही. दुपारी वरचा बर्फ किंचित मऊ होतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी वाट कडक, गुळगुळीत मिळते. नदीवरचा बर्फ अजून इतका जाड असतो की स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी), स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटार), माणसं सगळं पेलतो.

दुसरं कारण कामाचं. सापळे लावून फरची जनावरं धरायचा हंगाम या सुमारास संपत आलेला असतो, कातडी विकून हातात थोडे पैसे आलेले असतात. बदकं, मस्करॅट (पाण्याकाठी राहणारा, उंदरासारखा फरचा प्राणी) आणि नंतर मासे यांचा हंगाम अजून लागायचा असतो. आणि मे महिन्यात नदी फुटली, म्हणजे तिच्यावरचा बर्फ तडकून वाहू लागला, की काही आठवडे धड बोट चालत नाही, धड स्लेज चालत नाही. म्हणजे वरच्या आणि खालच्या गावच्या नातेवाइकांना भेटायचं तर हीच वेळ. उत्सव या फटीत बसवलेला आहे.

नदी नेमकी कधी फुटणार, यावर तिकडे पैजाही लागतात. टॅनाना नदीवरच्या नेनाना गावात १९१७ साली रेल्वेच्या कामावरच्या लोकांनी ८०० डॉलरची पैज लावली होती, ती आजही दर वर्षी चालू आहे. मार्चच्या सुरुवातीला बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची दोरी किनाऱ्यावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलला, तिकाटणं वाहू लागलं की घड्याळ थांबतं. दिवस, तास आणि मिनिट ज्याचं जुळेल त्याला बक्षीस. गंमत म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची ही नोंद आता हवामानाचे अभ्यासकही वापरतात. पैजेसाठी का होईना, वेळ कुणीतरी इमानाने लिहून ठेवली.

कार्निव्हलमध्ये काय असतं? स्नोशू म्हणजे बर्फावर चालायचे जाळीदार जोडे घालून पळायची शर्यत, ओंडका करवतीने कोण आधी कापतो ते, चूल पेटवून चहाला आधी उकळी कोण आणतो ते. मुलांच्या पळण्याच्या शर्यती. संध्याकाळी सामुदायिक जेवण, त्यात मूसचं मांस, बीव्हर, मासे, आणि मग फिडलच्या सुरांवर नाच. फिडल हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फरच्या व्यापाऱ्यांबरोबर आलं आणि अथाबास्कन लोकांनी ते इतकं आपलंसं केलं की आज तेच त्यांचं पारंपरिक संगीत समजलं जातं. आणि या सगळ्यात मानाची जागा कुत्र्यांच्या शर्यतीची. लहान मुलं एक-दोन कुत्रे जुंपून पळतात, थोडी मोठी तीन-चार आणि पट्टीचे लोक मोठा संघ घेऊन.

शहरी उत्सवाची मुळंही या फरच्या हंगामातच आहेत. अँकरेजमध्ये १९३५ साली व्हर्न जॉन्सन नावाच्या गृहस्थाने तीन दिवसांची हिवाळी क्रीडास्पर्धा भरवली. तेव्हा हे गाव तीनेक हजार वस्तीचं होतं. सापळेवाले आणि खाणकामगार फेब्रुवारीत कातडी विकायला, सामान भरायला गावात उतरत, तोच मुहूर्त त्याने धरला. आजचा ‘फर राँदेव्हू’, लोकांच्या तोंडी ‘राँडी’, त्यातून उभा राहिला. आता त्यात संडासांची शर्यतही असते (लाकडी खोकं, स्कीवर बसवलेलं, आत एक स्वार) आणि शहराच्या रस्त्यावर रेनडिअर सोडून लोक त्यांच्यापुढे पळतात. हे सगळं हौसेचं. पण १९४६ पासून होणारी तीन दिवसांची स्लेज शर्यत मात्र कुणी हौसेवारी घेत नाही. जलद शर्यतींच्या जगात हीच जागतिक अजिंक्यपदाची शर्यत मानली जाते.

आधी एक गैरसमज

अलास्का आणि स्लेजचे कुत्रे म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना बाल्टो आठवतो. १९२५ च्या जानेवारीत नोम या किनाऱ्यावरच्या गावात घटसर्पाची साथ आली. औषध रेल्वेने नेनानापर्यंत पोचलं आणि तिथून पुढचे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १,०८५ किलोमीटर, वीस स्लेजवाल्यांनी हातोहात नेलं. पाच-साडेपाच दिवस लागले. शेवटचा टप्पा गुन्नार कासेनच्या संघाचा, म्हणून त्याचा म्होरक्या बाल्टो प्रसिद्ध झाला. सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पालाच्या टोगोने ओढला होता, त्याच्या वाट्याला पुतळा फार उशिरा आला.

ही झाली लांब पल्ल्याची कथा. तिच्याच वाटांवर १९७३ पासून होणारी इडिटारोड ही शर्यतही लांब पल्ल्याची, अँकरेज ते नोम, अंदाजे हजार मैल, आठ-दहा दिवस. टीव्हीवर हीच दिसते. कार्निव्हलची शर्यत वेगळी. ती तासा-दीड तासात संपते, दुसऱ्या दिवशी पुन्हा होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मॅरेथॉनवाला आणि चारशे मीटरवाला या दोघांच्या शरीरात जेवढा फरक, तेवढाच या दोन शर्यतींच्या कुत्र्यांत असतो.

शर्यत चालते कशी

राँडीत रोज साधारण २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. शर्यत निघते शहराच्या मध्यातून, फोर्थ अव्हेन्यूवरून. रस्त्यावर आधी साफ केलेला बर्फ ट्रकने आणून पुन्हा पसरतात. वाट पुढे शहराबाहेरच्या जंगलात शिरते आणि तिथून परत. वाटेत जिथे गाड्यांचे रस्ते येतात तिथे स्वयंसेवक वाहतूक अडवून उभे असतात.

सगळे संघ एकदम सुटत नाहीत. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतो. तीन दिवसांच्या वेळांची बेरीज करतात, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला.

खुल्या गटात एका संघात पंधरा-सोळा किंवा त्याहून जास्त कुत्रेही असतात. मधून एक लांब दोर जातो आणि त्याच्या दोन बाजूंना जोडीने कुत्रे जुंपलेले असतात. सगळ्यात पुढे एक किंवा दोन म्होरके. त्यांच्यामागची जोडी वळणावर संघाला नीट वळवते. मधले मुख्यतः ओढतात. अगदी स्लेजला लागून असतात ते सगळ्यात दणकट आणि शांत डोक्याचे, कारण स्लेजचे सगळे हिसके त्यांना बसतात. लगाम नसतो. चाबूक नसतो. उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबायला ‘व्होआ’ आणि दुसरा संघ किंवा रस्त्यातलं काही आमिष ओलांडून जायचं असेल तर ‘ऑन बाय’. बस, एवढीच भाषा. तासाला तीसेक किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या सोळा कुत्र्यांना ती मागून ओरडून सांगायची आणि सगळ्यात पुढच्याने ती ऐकायची, हे पाहिल्यावर म्होरक्याची किंमत का मोजतात ते कळतं. ताकदवान कुत्रे पुष्कळ मिळतात. धावताना मागचं ऐकणारा क्वचित मिळतो.

निघण्याआधीचा गोंधळ पाहण्यासारखा असतो. कुत्रे उड्या मारतात, भुंकतात, दोर चावतात. प्रत्येक जोडीशी माणूस उभा राहून धरून ठेवतो, शिवाय स्लेज लोखंडी नांगराने रोवलेली असते. सुटका झाली की एका क्षणात भुंकणं बंद. पळवण्यासाठी त्यांना काही करावं लागत नाही, खरं कौशल्य लागतं ते त्यांना आवरण्यात.

नियम थोडकेच, पण एक नियम सगळा डाव ठरवतो: पहिल्या दिवशी जेवढे कुत्रे घेऊन निघालात त्यांत पुढे भर घालता येत नाही, फक्त वगळता येतात. आणि त्या दिवशी जेवढे घेऊन सुटलात तेवढे सगळे घेऊनच परतायचं. वाटेत एखादा लंगडला किंवा थकला तर त्याला स्लेजवरच्या पिशवीत ठेवून आणायचं. म्हणजे पंचवीस किलोचं वजन वाढलं आणि एक ओढणारा कमी झाला. म्हणून पहिल्या दिवशी मोठा संघ घ्यावा की लहान, दुसऱ्या दिवशी कुणाला विश्रांती द्यावी, तिसऱ्या दिवसासाठी किती दम राखावा, हा सगळा हिशेब. पहिल्या दिवशी भन्नाट वेळ देऊन तिसऱ्या दिवशी बसकण मारलेले संघ दर वर्षी दिसतात.

कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. तो जीभ काढून, धापा टाकून अंग थंड करतो. त्यामुळे पळताना त्याचा खरा शत्रू गारठा नसून उकाडा. उणे वीस सेल्सिअसच्या आसपास त्याला छान वाटतं. शून्याजवळ पारा गेला की वेग कमी करावा लागतो. थंडीत कुत्रे नुसतं पाणी पीत नाहीत, म्हणून शर्यतीआधी पाण्यात थोडं मांस किंवा रस्सा कालवून देतात, वासाने ते पितात. सरावही बर्फाची वाट पाहत नाही. उन्हाळा सरला की चिखलाच्या वाटांवर चारचाकी मोटारबाइकला, इंजिनाचा जोर नाममात्र ठेवून, जुंपतात.

हे कुत्रे कोणत्या जातीचे?

निळ्या डोळ्यांचा, झुबकेदार केसांचा सायबेरियन हस्की डोक्यात असेल तर निराशा होईल. शर्यतीतला कुत्रा लांब पायांचा, सडपातळ, आखूड केसांचा असतो आणि अनोळखी माणसाला तो सरळ गावठी वाटेल. त्याला अलास्कन हस्की म्हणतात, पण ती नोंदणीकृत जात नाही. दिसणं कुणी पाहिलंच नाही. कोण पळतो, कोण ओढतो, कोण भरपेट खातो आणि कुणाचे पंजे टिकतात, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. गावातले जुने ओढीचे कुत्रे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायबेरियातून नोमला आणलेले कुत्रे आणि नंतर पॉइंटरसारख्या शिकारी जाती, असा तो संकर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की जलद शर्यतींच्या कुत्र्यांत पॉइंटर आणि सालुकीचा अंश वेगाशी जोडलेला आहे, तर लांब पल्ल्याच्या कुत्र्यांत मालाम्यूट आणि सायबेरियन हस्कीचा अंश दमाशी. कागदोपत्री जात नसूनही हे कुत्रे जनुकांवरून वेगळे ओळखू येतात. ओढीचा हा धंदा मुळात खूप जुना. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांची हाडं आणि स्लेजचे भाग सापडले आहेत.

हस्लियाचा जॉर्ज

या खेळातलं सगळ्यात मोठं नाव जॉर्ज ॲटला. जन्म १९३३, कोयुकुक नदीकाठचा. लहानपणी त्याला हाडाचा क्षय झाला. त्या काळी अलास्कातल्या मूळ रहिवाशांत क्षयाने कहर केला होता. बालपणाची बरीच वर्षं त्याची घरापासून दूर, इस्पितळांत गेली आणि परतला तेव्हा एक गुडघा कायमचा ताठ झालेला. भाषा विसरलेली, जंगलातली कामं सुटलेली. सापळ्यांच्या वाटेवर फारसा उपयोग नसलेल्या या मुलाने कुत्र्यांकडे लक्ष घातलं.

१९५८ साली तो अँकरेजला आला आणि राँडी जिंकला. एकूण दहा वेळा जिंकला. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी रोलंड लोंबार्ड हा मॅसॅच्युसेट्सचा पशुवैद्य, तो आठ वेळा जिंकला. एकीकडे विमानाने कुत्रे घेऊन येणारा शिकलेला डॉक्टर, दुसरीकडे न वाकणारा पाय घेऊन स्लेजच्या मागे बर्फाला पाय मारत पळणारा गावचा माणूस, ही जुगलबंदी पाहायला फोर्थ अव्हेन्यूवर गर्दी लोटायची. गावाकडे लोक रेडिओला कान लावून बसायचे. कुत्रा चुकत नाही, चुकतो तो त्याला शिकवणारा, असं ॲटलाचं म्हणणं होतं. माझ्या मते सोळा कुत्र्यांना लगामाशिवाय हाकणाऱ्याने दुसरं काही मानणं शक्यही नाही.

या विजयांचं गावांना एवढं अप्रूप का होतं हे कळायला त्या दशकांत काय चाललं होतं ते पाहावं लागतं. लोक हंगामानुसार तळ हलवत जगायचे, ते शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी एका जागी स्थिरावत होते. हस्लिया हे गावच १९४९ च्या सुमाराला, जुन्या जागी पूर येत असे म्हणून आणि शाळेसाठी, नव्या ठिकाणी वसलं. टपाल विमानाने येऊ लागलं. अलास्कातला कुत्र्यांवरचा शेवटचा टपालमार्ग १९६३ साली बंद झाला. आणि साठच्या दशकात स्नोमोबाइल आली. तिला रोज खायला लागत नाही, ती उन्हाळाभर गप्प पडून राहते, तासाभरात लाकडं आणून देते. काही वर्षांत गावांतून कुत्र्यांचे कळप ओसरले. इडिटारोड सुरू करणाऱ्या जो रेडिंग्टनला हीच काळजी होती. गावांत जिथे कुत्रे टिकले तिथे ते मुख्यतः शर्यतीसाठी टिकले, जसे ट्रॅक्टर आल्यावर आपल्याकडे कित्येक गोठ्यांत बैल राहिले ते घाटात गाडा पळवायचा म्हणून.

ॲटलाच्या फ्रँक या मुलाचा २०१० साली एकविसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्यानंतर २०१२ मध्ये त्याने हस्लियाच्या शाळेत मुलाच्या नावाने एक उपक्रम सुरू केला. गावातली वडीलधारी माणसं मुलांना कुत्रे पाळायला, खाऊ घालायला, जुंपायला शिकवतात. हेतू चॅम्पियन घडवायचा नव्हता. एकाकीपण, दारू, आत्महत्या यांनी पोखरलेल्या गावांत मुलांना रोज सकाळी उठून करायला काहीतरी खरं काम असावं, एवढाच होता. ॲटला फेब्रुवारी २०१५ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात इडिटारोडची वाट पहिल्यांदा हस्लियातून गेली.

आता अडचण माशांची

शर्यतीने कुत्रे राखले, पण कुत्रे पोसायचे कशावर? युकॉन आणि तिच्या उपनद्यांवर याचं उत्तर एकच होतं, सॅल्मन. शरद ऋतूत नदीतून वर चढणारे चम सॅल्मन हजारोंनी धरायचे, मचाणांवर वाळवायचे आणि हिवाळाभर कुत्र्यांना घालायचे. धरायला मासेचाक असे. नदीच्या प्रवाहानेच फिरणाऱ्या चाकाला टोपल्या लावलेल्या, मासा आपोआप उचलला जाई. संघ मोठा असला तरी खर्च मुख्यतः मेहनतीचा होता.

२०२१ मध्ये युकॉनवर चम सॅल्मनची संख्या कोसळली आणि मासेमारी बंद करावी लागली, लोकांच्या स्वतःच्या ताटासाठीचीसुद्धा. चिनूक ही मोठी जात त्याआधीपासूनच घटत होती. २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर सात वर्षांची बंदी घातली. तापणारा समुद्र, तापणाऱ्या नद्या, समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यात सापडणारे मासे, यातलं काय किती जबाबदार यावर वाद आहेत आणि ते कडवट आहेत, कारण गावकऱ्याला काठावर मासा धरायची मनाई आणि समुद्रात जहाजं चालू. परिणाम मात्र स्पष्ट आहे. विमानाने येणारं खाद्य पोत्यांतून विकत घ्यायचं, तर दहा कुत्रे बाळगणंही गावात अनेकांच्या आवाक्याबाहेर जातं. मला तर स्नोमोबाइलपेक्षा हा धक्का मोठा वाटतो. यंत्राने कुत्र्याचं काम घेतलं होतं, इथे त्याचं अन्नच गेलं.

बर्फाचंही तेच. अँकरेजची शर्यत बर्फ कमी म्हणून अनेक वर्षी रद्द झाली आहे. २०१६ साली इडिटारोडच्या उद्घाटनासाठी उत्तरेकडच्या फेअरबँक्स शहरातून रेल्वेने बर्फ आणावा लागला. २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये प्रत्यक्ष शर्यतच फेअरबँक्सला हलवली.

प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा विरोध मुख्यतः लांब पल्ल्याच्या शर्यतीला आहे. २०२४ च्या इडिटारोडमध्ये तीन कुत्रे दगावले. काही मोठ्या कंपन्यांनी प्रायोजकत्व काढून घेतलं. विरोधकांचा प्रश्न रास्त आहे. हजार मैल धावायला कुत्रा तयार असतो म्हणून त्याला धावू द्यावं का? पण तोच शिक्का गावच्या कार्निव्हलवर मारला जातो तेव्हा मला ते पटत नाही. दहा वर्षांची मुलगी घरचे तीन कुत्रे घेऊन पाच किलोमीटर जाऊन येते, त्याचा या वादाशी संबंध फार थोडा.

पाहायचंच असेल तर राँडी फेब्रुवारीच्या शेवटी असते आणि फेअरबँक्सची खुली अजिंक्यपद शर्यत मार्चमध्ये. त्या शर्यतीत पहिले दोन दिवस वीस-वीस मैल आणि शेवटच्या दिवशी तीस, त्यामुळे राखलेला दम तिथे जास्त कामी येतो. दोन्ही शर्यती जिंकणारी पहिली महिला रॉक्सी राइट. निवृत्तीनंतर परत येऊन २०१७ मध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी तिने राँडी पुन्हा जिंकली. गावच्या कार्निव्हलांच्या तारखा गाव ठरवतं आणि कुणाच्या घरी मयत झालं तर पुढेही ढकलतं. चित्रफीत पाहताना आधी कोण परतलं याकडे लक्ष देऊ नका, कारण सुटण्याच्या वेळा वेगळ्या असतात. संघात दोर ढिला सोडून पळणारा कुत्रा किती दिसतो ते पाहा, आणि तिसऱ्या दिवशी कोण किती कुत्रे घेऊन उभा आहे ते मोजा.